जिन्याखालचा बँड

“बा? बा म्हणजे काय गं? वडील म्हणायचंय का तुला?”

अनिरुद्ध सरांनी विचारलं आणि हॉलमधले सगळे हसले. त्यात विष नव्हतं, घरातल्या लहानग्याच्या बोबड्या बोलाला हसावं तसं ते हसू होतं. मी मान हलवली. म्हटलं, “हो सर. वडील.”

बुलडाण्यात आमच्या संगणक मंडळाची रविवारची बैठक होती. दर बैठकीला कुणीतरी आपण शिकलेलं नवं सॉफ्टवेअर दाखवायचं, अशी पद्धत. त्या दिवशी पाळी माझी होती. आवाज साफ करायचं एक सॉफ्टवेअर मला सापडलं होतं. घरच्या टेपरेकॉर्डरवर मी बाची क्लॅरनेट भरून आणली होती, पाठवणीची धून. वायर जोडून ती संगणकात घेतली. मध्ये कुत्रं भुंकलेलं, तेवढा तुकडा कापला. टेपची खरखर काढली. माय मागं भाकरी थापत होती, तो आवाज मात्र राहू दिला. मग वाजवून दाखवलं.

धून संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या टाळ्या. सरांनी विचारलं, कोणी वाजवलंय? मी म्हटलं, माझ्या बानं. त्यावर ते हसू.

“कुठे शिकले ते? गुरू कोण त्यांचे?”

“बँडमधे वाजवतात सर. लग्नाच्या.”

टाळ्या वाजवणारे हात मांडीवर आले. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. वर्षभर त्या खुर्चीवर बसत होते मी. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा नीट बघितलं. आडनावावरून जे उमगलं नव्हतं ते आता उमगलं.

सरांना ती शांतता नको होती. मंडळाच्या नव्या संगणक-वर्गाचं उद्घाटन जवळ आलं होतं. त्यांनी हात चोळले.

“अरे वा! म्हणजे उद्घाटनाचा प्रश्न मिटला आपला. फ्री सॉफ्टवेअर, फ्री बँड!”

पुन्हा हसू. हे दुसरं हसू मला ओळखता येतं. आमच्या वस्तीतल्या कुठल्याही पोराला ते ओळखता येतं.

हेच सर. दर बैठकीला फळ्यावर लिहायचे, फ्री म्हणजे फुकट नव्हे, फ्री म्हणजे मुक्त. सॉफ्टवेअर वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही. पुण्याला इंजिनिअर होते, वडील गेल्यावर परत आले आणि काकांच्या इमारतीत त्यांनी हे मंडळ काढलं. खाली बियाणं-खताचं दुकान, बाहेरून जिना, वर हॉल. हॉलमध्ये लोकांनी दिलेले जुने संगणक. सीडीचे दिवस होते ते. सर सीडी वाटायचे आणि म्हणायचे, “याला कुलूप नाही. हे तुमचं आहे.”

मी कॉलेजात होते. धाड या माझ्या गावाहून जीपनं यायचे, मेघासोबत. मेघाच्या घरी मळा, मिरची आणि वांगी. तिनंच मला मंडळात आणलं. सरांचं ते बोलणं ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कुलूप नाही असं काही या जगात आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्या शब्दांवर विश्वास ठेवला. सगळा ठेवला.

आता आमच्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची वस्ती गावाच्या कडेला. सरकारी पाटीवर नवं नाव, लोकांच्या तोंडी मांगवाडाच. माझा आजा हलगी वाजवायचा. पोळ्याला बैलांपुढं. कुणी मेलं तर मढ्यापुढं. पाटलाघरी पोरगं झालं तर दारापुढं. त्याला कुणी बोलवत नसे, निरोप यायचा. सुगी झाली की खळ्यावरची खालची, मातीतली ज्वारी मिळायची. एका पोळ्याला आजा तापानं फणफणला होता. गेला नाही. चार जण आले, त्याला खाटेवरून उठवलं, गळ्यात हलगी अडकवली. आजा वाजवत वाजवत वेशीपाशी पडला. लोकांना वाटलं, प्यालाय. बा तेव्हा लहान होता, शेजारी उभा होता.

बानं पुढं कधी हलगीला हात लावला नाही. जालन्याला जाऊन एका बँडवाल्याकडं राबला, क्लॅरनेट शिकला, धाडला येऊन स्वतःचा बँड काढला. त्याचा एक नियम होता. सुपारी घेतल्याशिवाय वाजवायचं नाही. सुपारी म्हणजे आधी घरी येऊन ठरवायचं, नारळ द्यायचा, हातावर पैसे ठेवायचे. बा म्हणायचा, “सुपारी देते तो आपल्याले बलावते. सुपारी देत नाई तो आपल्याले हाकते.” गावातल्या कुणी पोळ्याला सांगून पाहिलं. बानं सुपारी मागितली. त्यांनी जळगाव जामोदहून डफडेवाले आणले, पण बा गेला नाही.

अशा माणसाला मी काय सांगणार होते?

काही सांगितलंच नाही मी. सर स्वतः आले धाडला, मोटारसायकलवर. बाजाराच्या दिवशी बा भेटेल म्हणून. बाला ‘तुम्ही’ म्हणाले, हात जोडले. पुण्याहून मोठे पाहुणे येणार, तुमची मुलगी स्टेजवरून कार्यक्रम सादर करणार, आपलंच काम आहे, असं बोलले. सुपारीचा विषय काढला नाही.

ते गेल्यावर मायनं विचारलं, “सुपारी?”

“पोरीच्या घरी कोन सुपारी घेते वं?”

“ते पोरीचं घर हाये का?” माय म्हणाली.

बा हसला. मग माझ्याकडं वळला. “तू बोलशीन ना तठी? माइकवर?”

“हाव बा.”

“मंग झालं. मले तेवढं आयकू दे.”

त्यानं लाल कोट काढला, मायनं सुटलेली बटणं शिवली, लोटीत कोळसे घालून इस्त्री केली. बाच्या बँडमध्ये सुदामकाका ढोल वाजवायचे. त्यांना बानं सांगितलं, आपल्या पोरीचा कार्यक्रम हाये. त्यांनीही पैशाचं नाव काढलं नाही. वस्तीत चार दिवस हीच बातमी.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना उशीर झाला. ऊन चढलं. बँड फाटकापाशी उभा, गाडी आली असं वाटलं की वाजवायचं, नाही आली की थांबायचं. लाल कोटांच्या पाठी काळ्या पडल्या घामानं. सुदामकाकांनी दुकानात पाणी मागितलं. दुकानातल्या माणसानं मडक्यातून तांब्या भरला आणि वरून ओंजळीत धार सोडली. आत काचेचे ग्लास होते. मी ते वरून बघत होते. मनात म्हटलं, घाईत असेल. मी त्या माणसासाठी कारण शोधून दिलं.

पाहुणे आले. बँड वाजला. असा वाजला की समोरच्या दुकानांतले लोक बाहेर आले. पाहुणे थांबून ऐकत राहिले, मान डोलावली, मग सगळे जिना चढून वर गेले. बानं क्लॅरनेट पुसली, सुदामकाकांच्या हातात दिली, डोक्यावरची टोपी नीट केली आणि तोही जिन्याकडं आला.

जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी खुर्ची टाकून आबासाहेब बसले होते. सरांचे काका. इमारत त्यांची, दुकान त्यांचं, धाडच्या रस्त्याला दिसेल तिथवर जमीन त्यांची. आजूबाजूला त्यांची माणसं. मी जिन्याच्या वळणावर होते. माझ्या शेजारी सर, हातात वायरचं वेटोळं.

“कुठं रे?” आबासाहेब म्हणाले.

“माही पोरगी बोलनार हाये साहेब. मांगं उभा राह्यतो. आयकून लगेच खालतं येतो.”

आमच्याकडं मागे या शब्दाला मांगं म्हणतात. सगळेच म्हणतात, आबासाहेबसुद्धा. पण त्यांनी तो शब्द उचलला, तोंडात घोळवला, आजूबाजूला बघितलं.

“मांगं? अरे, मांगं तर तू हायेसच. जन्मापासून. अजून किती मांगं उभा राह्यतो?”

माणसं खिंकाळली. एकानं तर मांडीवर हात मारला.

बाच्या तोंडावर आधीपासून हसू होतं, वर यायच्या आनंदाचं. ते तसंच राहिलं. ते काढून कुठं ठेवावं, हे त्याला कळत नव्हतं.

“खालीच थांबा,” आबासाहेब म्हणाले. “पाव्हने जातानी वाजवायचं हाये.”

मी सरांकडं बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऐकून ते खाली वाकले आणि वायरची गाठ सोडवू लागले. त्या वायरला गाठ नव्हती.

“सर,” मी म्हटलं.

“चल वर. तुझाच नंबर पहिला आहे. काका गमतीत बोलतात गं, मनावर नको घेऊस. मी नंतर बघतो.”

मी वर गेले. पाय गेले. हॉल भरलेला होता. मागच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. सगळ्या खुर्च्या मी आणि मेघानं सकाळी मांडल्या होत्या. त्या रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. राग नंतर आला. आधी नुसतं दिसलं. माझा आजा वेशीपाशी पडला होता तेव्हाही आजूबाजूला असेच शिकलेले, चांगले लोक असतील. त्यांनीही आपापल्या वायरी सोडवल्या असतील.

सरांनी माझं नाव पुकारलं. म्हणाले, ही आमच्या मंडळातली हुशार विद्यार्थिनी, ग्रामीण भागातून येते. पडद्यावर बाच्या आवाजाच्या लाटा दिसत होत्या. मी माइक हातात घेतला.

“हे ज्यानं वाजवलं तो माणूस खाली जिन्यापाशी उभा आहे. माझा बा. तो मांग आहे म्हणून त्याला वर येऊ दिलं नाही. त्याला वर बोलवा. तो या खुर्चीवर बसला की मी वाजवून दाखवते. तोवर नाही.”

माझा आवाज चिरकला होता. पण शब्द हेच. एकही बदललेला नाही.

पाहुणे सरांकडं झुकले. “काय म्हणते आहे ती?”

“नर्व्हस आहे सर. गावाकडची आहे,” अनिरुद्ध सर हसून म्हणाले. मग माझ्या शेजारून हात घातला आणि स्वतःच कळ दाबली.

बाची क्लॅरनेट हॉलभर वाजायला लागली. मोठ्या स्पीकरवर. मायच्या भाकरीच्या थापा वाजल्या. पाहुण्यांनी डोळे मिटून घेतले, खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. आमचा आवाज त्यांना चालत होता. आम्ही नको होतो.

मी स्पीकरची वायर उपटली.

सर माझ्या कानाशी दात दाबून बोलले, “काय करतेस तू? मुक्त आहे ते. तूच मंडळाला दिलंस.”

“सॉफ्टवेअर मुक्त आहे सर. माझा बा फुकटचा नाही.”

मी स्टेजवरून उतरले. मेघा दारापाशी होती. तिनं माझा हात धरला आणि लगेच सोडला. जिन्यावरून खाली आले तर आबासाहेब खुर्चीवरच होते. त्यांनी वर काय झालं ते ऐकलं असणार. मला वाट द्यायला त्यांनी पाय आत घेतला नाही. मी ओलांडून गेले.

मला वाटलं होतं, बा मला जवळ घेईल.

“काऊन उतरली?” तो ओरडला. सगळ्यांसमोर. “तुले बोलायचं व्हतं ना? म्या कायच्यापायी वाजवलं इतकं? उन्हात उभे केले हे लोक, कायच्यापायी? तू बोलशीन म्हनून ना! अन् तू उतरून आली!”

“बा, त्यायनं तुले…”

“मले काय म्हनलं ते मले आयकू आलं. ते मी लहानपनापासून आयकून राह्यलो. तुहं बोलनं मले आयकाचं व्हतं.”



आम्ही दुकानाच्या भिंतीच्या सावलीत बसून राहिलो, खताच्या पोत्यांजवळ. सुदामकाका म्हणाले, चाला निंघू. बा म्हणाला, नाई, जातानी वाजवायचं कबूल केलं. वरून भाषणाचा आवाज येत होता. पाहुणे समानतेवर बोलत होते. ज्ञानाला दरवाजे नसावेत, असं काहीतरी. टाळ्या पडल्या. बा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

मग लोक खाली यायला लागले. बँड उभा राहिला. बानं क्लॅरनेट हातात घेतली, जिभेनं तिच्या तोंडचं वेताचं पान ओलं केलं, ओठाला लावली. सुदामकाकांची काठी वर गेली.

“वाजवा बे!” आबासाहेबांनी हाक दिली. “पाव्हने निंघाले!”

बानं क्लॅरनेट खाली घेतली.

“नाई वाजवत.”

“काय म्हनला?”

“वरतं माह्याशिवाय वाजून राह्यलं व्हतं ना साहेब. आता बी तसंच वाजवा.”

सुदामकाकांनी गळ्यातला ढोलाचा पट्टा काढला. बाकीच्यांनीही वाद्यं खाली ठेवली. पाहुणे गाडीत बसले. गाडीच्या दाराचा आवाज झाला आणि गाडी गेली. कुणीच काही वाजवलं नाही. तेवढ्या माणसांत ती गाडी अशी मुकाट गेली, हे आबासाहेबांना केवढं लागलं ते मला त्यांच्या मानेकडं बघून कळलं. मान लाल झाली होती.

जीपमध्ये बा माझ्याशी बोलला नाही. घरी आल्यावरही दोन दिवस नाही.

याची किंमत आम्ही मोजली. लग्नसराई तोंडावर होती. आबासाहेबांना कुणाच्या अंगावर जावं लागलं नाही. ते फक्त बोलले. बोलायचं कुठं, ते त्यांना माहीत होतं. घेतलेल्या सुपाऱ्या परत मागायला लोक दारात यायला लागले. सगळ्यांत आधी आली ती मेघाच्या भावाच्या लग्नाची. तिचे वडील आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. आमचा माल त्यायच्या गाडीतून जाते.” खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. मेघा त्यानंतर जीपमध्ये माझ्याशेजारी बसली नाही.

बँड मोडला. सुदामकाका सुरतेला गेले. बा बाजारात हमाली करायला लागला. ज्या हातांनी सूर धरायचे त्या हातांनी पोती. माय मला म्हणाली, “त्या दिवशी गप राह्यली असती तं काय झालं असतं?” मी मायला सांगितलं, काही झालं नसतं, म्हणूनच गप्प राहिले नाही. तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. तिनं भाकरी वाढली.

पावसाळ्याच्या सुमाराला सर घरी आले. खाटेवर बसले. मायनं चहा ठेवला. त्यांनी कप उचलला आणि म्हणाले, “बघ, मी तुमच्याकडे चहा पितो. मी जात मानत नाही.”

त्यांना त्या चहाची पावती हवी होती. मी दिली नाही.

“मंडळात परत ये,” ते म्हणाले. “तुझं नुकसान होतंय. झालं ते विसरून जाऊ.”

“आबासाहेबांनी त्याच जिन्यापाशी, त्याच लोकांसमोर माझ्या बाची माफी मागायची. मग येते.”

“ते मोठे आहेत गं. त्यांचं वय बघ.”

“माझ्या बाचंही वय झालंय सर.”

“तू फार ताणतेस.”

“तुम्ही तिथं होता. तुम्ही काय बोललात?”

त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

मी परत गेले नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल तसं शिकले. पुढं औरंगाबादला नोकरी लागली, त्याच कामात. आज माझं लिहिलेलं काहीबाही कुठल्या कुठल्या देशांत लोक वापरतात, बदलतात, पुढं देतात. त्यांना माझी जात माहीत नाही. बरं वाटतं का? नाही वाटत. मी दिसत नाही म्हणून चालते, हे मला कळतं. बा दिसत होता.

गेल्या वर्षी फोन आला. आवाज तरुण होता, नम्र होता. मंडळाचा मोठा कार्यक्रम आहे म्हणाला, मंडळातून घडलेली जिल्ह्यातली पहिली मुलगी म्हणून तुमचा सत्कार करायचाय. अनिरुद्ध सरांनीच नाव सुचवलं.

“मी मंडळातून घडले नाही,” मी म्हटलं. “मंडळातून उतरले. माझी एक अट आहे, ती सरांना माहीत आहे.”

त्याला माहीत नव्हती. मी सांगितली.

“पण मॅडम, आबासाहेब तर वारले.”

“इमारत आहे ना? जिना आहे ना? सर आहेत ना?”

“आहेत.”

“मग सरांनी मागायची. माइकवर. माझ्या बाचं नाव घेऊन. बा समोर खुर्चीवर बसलेला असेल. त्याला आता कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं.”

विचारून कळवतो, म्हणाला. कळवलं नाही. सत्कार दुसऱ्या कुणाचा तरी झाला.

मी वाट बघत नाही. मला सत्कार नको, समजूत नको, घरी येऊन प्यालेला चहा नको. मला ती माफी पाहिजे, आणि ती चारचौघांत पाहिजे, कारण अपमान चारचौघांत केला होता. बा म्हणतो, सोड बाई आता. बाला सोडायचा हक्क आहे. मला नाही. बा गेला तरी अट कमी होणार नाही. माझ्या पोरीला मी सगळं सांगून ठेवलंय. कोण खुर्चीवर होतं, कोण हसलं, कोण वाकून वायर सोडवत होतं. माझ्यामागं ती मागेल. आणि तिला कुणी म्हणालं की झालं ते झालं, तर तिनं तोंडावर विचारायचं: कुणाचं झालं?